चार-पाच जणांनी मिळून कोकणात रान घेणे : फिरायला, राहायला आणि लाकूड-बांबूच्या कामाला

रानमोगरी – २ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेलं आज लिहून काढते. लांबेल, पण इथे कोकणातले, वकिलीतले आणि हाताने काम करणारे असे सगळेच आहेत, म्हणून एकदाच विचारते.

आम्ही पाच जण कॉलेजपासूनचे मित्र. सगळे पुण्यात. एक जण गेली सहा वर्षं लाकडाचे चमचे, डाव, पळ्या कोरतो. मी बांबूकाम शिकते आहे, सूप आणि रोवळीपर्यंत पोचले आहे. बाकी तिघांच्या हातात कला नाही, पण रानाची ओढ आमच्याइतकीच. मुलं दहा ते सोळा वयाची. महिन्यातून एकदा जाऊन राहावं, सुट्टीत मुलांनी पऱ्यात (ओढ्यात) डुंबावं, आम्ही झाडाखाली बसून काम करावं, एवढीच इच्छा. रिसॉर्ट काढायचा नाही, प्लॉट पाडायचे नाहीत.

देवरुखच्या पुढे एका गावात चार एकरांचा तुकडा पाहिला. सातबाऱ्यावर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे असं सांगितलं. दोन्हीकडून उतार, मधून पऱ्या. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ आणि दोन जुने बेहडे. त्यातल्या एकाला आम्ही चौघांनी हात धरून कवळ घातली तेव्हा कुठे पुरली. पऱ्याच्या कडेला माणगा बांबूची सात-आठ बेटं. तासभर नुसते बसून होतो तिथे.

मग जमीन दाखवणारा एजंट म्हणाला, "घेणार असाल तर आधी साफ करून देतो. झाडांचे पैसे मालक घेईल, जमीन तुम्हाला स्वस्तात पडेल." साफ म्हणजे सगळी तोड. तो रोज हाच व्यवहार करतो, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. परतीच्या वाटेवर गाडीत आमच्यापैकी कोणी बोललं नाही. सकाळी निघताना आम्हाला रान हवं होतं. संध्याकाळी वाटत होतं की आपल्याला मिळो न मिळो, पण ते रान उभं राहावं.

आता अडचणी. पाचांपैकी तिघांचीच नावं कुठे ना कुठे सातबाऱ्यावर आहेत. दोघांचं शेतीशी काही नातं नाही. एजंटचं म्हणणं, तिघांच्या नावावर घ्या, पैसे पाचांनी घाला, काही होत नाही. हे बरोबर आहे का? पुढे कोणाला बाहेर पडायचं असेल, कोणी गेलं तर त्याच्या वारसांचं काय? झाडांना हात लावता येतो का? आणि ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया अनुभव लिहा, बरा-वाईट दोन्ही.

दस्तऐवज – २ ऑक्टोबर

ताई, सविस्तर लिहितो, कारण यात चुकलं तर पैसे आणि मैत्री दोन्ही जातात. दिवाणी वकिली करतो, कोकणातल्या जमिनींची कामं बऱ्यापैकी पाहिली आहेत.

आधी एजंटच्या सल्ल्याबद्दल. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८, कलम ६३. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर परवानगी लागते, आणि वरकस ही शेतजमिनीतच मोडते. व्यवहार बेकायदा ठरला तर ८४-क खाली चौकशी होऊन जमीन सरकारजमा होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. यावर तोड म्हणून "नाव तिघांचं, पैसे पाचांचे" केलंत तर दुसऱ्या खड्ड्यात पडाल. एकाने पैसे घालायचे आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर, याला बेनामी व्यवहार म्हणतात. तो कायदा १९८८ चा आहे, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला धार आली. मालमत्ता जप्त होते, सात वर्षांपर्यंत कैद आहे. मित्रांमध्ये बेनामी हा शब्द कोणाच्या मनातही येत नाही, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो. त्या दोघांनी एक रुपयाही जमिनीच्या किमतीत घालू नये. कंपनी किंवा ट्रस्ट काढून घेऊ म्हणाल तर ती संस्थाही शेतकरी नसते, पुन्हा तोच प्रश्न.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. तुम्ही ज्याला रान म्हणताय ते कागदावर काय आहे? सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात "खाजगी वन", "राखीव वन", "कलम ३५" (भारतीय वन कायद्यातलं) असं काही आहे का पाहा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ ला लागू झाला आणि त्या दिवशी राज्यातली खाजगी वनं कायद्याने सरकारची झाली. किती तरी सातबाऱ्यांवर नोंदी तीस-तीस वर्षांनी चढल्या. मालक पिढ्यानपिढ्या कसतोय, झाडं विकतोय, आणि कागद म्हणतोय की जमीन शासनाची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या प्रकरणात सांगितलं की कलम ३५ ची नोटीस नुसती काढलेली असून भागत नाही, मालकाला बजावलेली हवी. त्यामुळे काहींना दिलासा मिळाला, पण तुम्ही विकत घेऊन तो वाद अंगावर ओढवून घेऊ नका.

आणि नोंद नसली तरी १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन प्रकरणातला आदेश लक्षात ठेवा. मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागू, असं न्यायालयाने म्हटलं. सरळ भाषेत, दाट रान घेतलंत तर तिथे घर बांधायचं स्वप्न बाजूला ठेवा.

सातबारा, आठ-अ, सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च आणि मोजणी, एवढं करून घ्या. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर दिलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. कुळाचं नाव कुठे दडलंय का तेही बघा.

सह्यफिरस्ता – ३ ऑक्टोबर

वाचतो आहे. आमच्या ग्रुपमध्येही हाच विषय दर पावसाळ्यात निघतो आणि कोजागिरीला थंडावतो. वाचनखूण साठवली.

संगमेश्वरी – ३ ऑक्टोबर

मी त्याच भागातला, आता नोकरीसाठी चिपळूणला. मालकाच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चेत तो नेहमी गैरहजर असतो.

आमच्याकडे बहुतेक रान खाजगी मालकीचं आहे. भात खाली, वर डोंगराला वरकस. तिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) फांद्या छाटायच्या, गुरं चरायची. नाचणी गेली, गुरं गेली, पोरं मुंबईला गेली, रान वाढलं. मग घराचं छप्पर बदलायचं असतं, कोणाचं ऑपरेशन असतं, मुलीचं लग्न असतं. दिवाळी झाली की लाकडाचे ठेकेदार गावात फिरायला लागतात. ते उभं रान नजरेनेच मोजतात आणि एकरकमी पैसे हातात ठेवतात. ट्रक भरून लाकूड घाटावर वीटभट्ट्यांना, बॉयलरला जातं. आमच्या आजोबांच्या वाटणीचं रान माझ्या डोळ्यांदेखत दोनदा तुटलं. दोन्ही वेळा आमच्याच घरात पैशांची गरज होती, त्यामुळे मी कोणाला दोष देऊ शकत नाही.

ऐन, किंजळ फुटतात परत. खुंटाला धुमारे येतात, पाच-सहा वर्षांत हिरवं दिसायला लागतं. बाहेरच्या माणसाला वाटतं जंगल आलं. पण मोठा बेहडा येत नाही. त्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, नर फटीतून फळं भरवतो, महिनोन्महिने. अशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. ताई, तुम्ही चौघांनी कवळ घातलेलं झाड त्या जातीचं आहे. त्याच्यासाठी एवढा प्रतिसाद लिहितोय.

पुण्याची एईआरएफ नावाची संस्था (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) आमच्या तालुक्यात बरीच वर्षं मालकांशी रान न तोडण्याचे करार करते. मालकी मालकाचीच राहते, तोड न करण्याचा मोबदला मिळतो. हिरडा-बेहड्याची फळं नीट गोळा करून फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासह चांगल्या भावाने विकायचं कामही त्यांनी उभं केलं. झाड उभं ठेवून पैसा येतो हे गावाने त्यातून पाहिलं. तुम्हाला जमीन घ्यायचीच आहे का, की रान उभं राहायला हवं आहे? दुसरं असेल तर वाट निराळी आहे.

वेंगुर्लेकर – ३ ऑक्टोबर

आमच्या सिंधुदुर्गात तर आणखी गुंते. वनसंज्ञा (वन म्हणून नोंद) हा, आकारीपड (सारा थकून सरकारजमा झालेली जमीन) हा, आंबोली-चौकुळ-गेळ्याक कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांची सामायिक जमीन) हा. जमीन बघून भुलू नका, आधी तलाठ्याकडे जावा. आणि एक सांगतंय, गाववाल्यांका इचारल्याशिवाय घेव नका. आमच्या वाडीत भायरच्यांनी जमिनी घेतल्यानी आणि पयला काम काय केल्यानी तर तारेचा कुंपण. बायका शंभर वर्सा त्या पाणंदीन पाण्याक जायत होती. आता कोण बोलना नाय एकमेकांशी. रान घेतलास तरी वाट गावाची ठेवा.

केंटवासी – ४ ऑक्टोबर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे नेमकं हेच आम्ही केलं आहे, म्हणून राहवलं नाही. भारतात शेतजमीन घ्यायला आम्हा अनिवासींना परवानगीच नाही, वारशाने आली तर गोष्ट वेगळी. त्यामुळे माझी भूक मी इथे भागवली.

केंटमध्ये तीन कुटुंबांनी मिळून साडेतीन एकरांचं स्वीट चेस्टनटचं रान घेतलं. इथे अशी छोटी रानं हौसेसाठी विकली जातात, शेतकरी असण्याची अट नाही. पण मालक म्हणून नोंदणीत जास्तीत जास्त चारच नावं चढतात. माणसं जास्त असतील तर ती चार जणं सर्वांच्या वतीने विश्वस्त, आणि मागे एक लेखी करार. आम्ही करार केला नव्हता. "आपल्यात कशाला" असं म्हणालो. चौथ्या वर्षी एका जोडप्याचा घटस्फोट झाला आणि त्यांच्या वाटणीत आमचं रान आलं. वर्षभर तिथे कुऱ्हाड चालली नाही की चूल पेटली नाही. शेवटी उरलेल्या दोन कुटुंबांनी कर्ज काढून तो हिस्सा घेतला. म्हणून सांगतो, बाहेर पडण्याचं कलम आधी लिहा आणि मगच चहा प्या.

कामाबद्दल. इथे चेस्टनट, हेझल बुंध्याशी कापतात आणि खुंटातून येणारे धुमारे काही वर्षांनी, चेस्टनटचे बारा-पंधरा वर्षांनी आणि हेझलचे त्याहून लवकर, पुन्हा कापतात. शतकानुशतकांची रीत आहे. रानाचे भाग पाडून दर हिवाळ्यात एकच भाग कापायचा, त्यामुळे कुठे ऊन, कुठे सावली, आणि उघड्यावर वसंतात ब्लूबेल फुलांचा निळा गालिचा. मधूनमधून ओक मुद्दाम मोठे होऊ देतात. संगमेश्वरींचं वाचून मला एकदम जाणवलं की ऐन-किंजळही तसेच फुटतात. कोकणातल्या तोडीत धुमारे येतात, मात्र मोठी झाडं राखायची रीत सुटली आणि एकदम सगळंच कापलं जातं. परवान्याशिवाय आम्ही इथे तीन महिन्यांत ५ घनमीटरपर्यंतच झाडं पाडू शकतो, आणि त्यातली विक्री २ घनमीटरपर्यंत. एवढं लाकूड तीन घरांना शेकोटीला, खुर्च्यांना, कुंपणाला पुरून उरतं. हौशी माणसाला लाकूड किती कमी लागतं हे तिथे गेल्यावर कळलं.

बेतकाठी – ५ ऑक्टोबर

शेवटचं वाक्य अगदी खरं. मी कुडाळजवळ लाकूड आणि बांबूचं काम करते, शिकवतेही. रानमोगरी, तुमच्या चमचेवाल्या मित्राला वर्षाला लागेल एवढं लाकूड एका पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांतून निघतं.

चमच्याला ओलं लाकूड हवं. पडून महिना झाला की कोरायला जीव जातो. शिवण मिळाली तर सोनं: हलकी, पांढरट, धारेला गोड, आणि वाळताना फारशी तडकत नाही. काळ्या कुड्याचं लाकूड पांढरंशुभ्र आणि बारीक रेषेचं, लेथवर छोट्या डब्या, लाटणी फार सुंदर होतात. चन्नपट्टणची खेळणी याच झाडाची. आमच्या सावंतवाडीच्या चितारी लोकांनी फळांचे नमुने पांगाऱ्यात केले, कारण तो हलका आणि मऊ. पाट-चौरंगाला आंबा. ऐन चमच्याला घेऊ नका, जड आणि हट्टी, पण कोयतीच्या मुठीला उत्तम. फणसाचा पिवळा रंग वर्षानुवर्षं गडद होत जातो, देवघराला म्हणूनच.

उभ्या झाडाबद्दल: वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ च्या यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर, ऐन, किंजळ वगैरे आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडायचं नाही. बांबूचं मात्र सोपं झालं. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडायला-न्यायला आता पूर्वीसारखा त्रास नाही. तुमच्याकडे माणगा आहे म्हणजे नशीब आहे. काटे नाहीत, जवळजवळ भरीव, सरळसोट. खुर्ची, शिडी, मांडव, काहीही करा.

काढायचा कधी? पावसात अजिबात नाही, तेव्हा नवे कोंब वर येत असतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. फर्निचरला तीन वर्षांपुढची काठी. ती ओळखायची कशी: कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी आणि पेरांवर आवरण असतं, जून काठी डागाळलेली, शेवाळलेली दिसते आणि टिचकी मारली की टणक वाजते. कापताना जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर कापा, नाही तर नळीत पाणी साचून बेट कुजतं. विणायला उलट, वर्ष-दीड वर्षाची ओली काठी, तिचे बेळ (विणायच्या पातळ पट्ट्या) लवचीक निघतात. एका बेटातून वर्षाला काही काठ्याच काढा, जून काढून कोवळ्या राखा.

आणि भुंगा. बांबूतल्या पिठूळ साखरेसाठी तो येतो आणि चार महिन्यांत खुर्चीचं पीठ करतो. आमच्याकडे काढलेले बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, ती साखर निघून जाते. पऱ्या आहे तुमच्याकडे, वर दगड ठेवा म्हणजे झालं. जुनी माणसं अवसेच्या अंधाऱ्या पंधरवड्यात काढतात. मी त्यांचं ऐकते.

अजून एक झाडोरा शोधा: केवण, म्हणजे मुरुडशेंग. तिच्या सालीचा वाख (धागा) निघतो, त्याची दोरी मुलंही वळू शकतात. माझ्या शिबिरात मुलं सगळ्यात जास्त त्यातच रमतात.

पेणची_वैद्य – ५ ऑक्टोबर

मुलं नेणार आहात म्हणून डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले, दोडामार्ग आणि सावंतवाडीकडे. गोचिडीतून होतो, हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमचा जायचा काळ. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. पानगळीवर थेट बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे, परत आल्यावर मुलांचं अंग तपासा, आणि ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे आधी सांगा.

साप: आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आहे. बांबूच्या बेटात हिरवा चापडा असतो, त्यावर ती नाही. त्याच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही, पण सूज आणि वेदना भयंकर. बेटात हात घालण्याआधी काठीने हलवा, रात्री विजेरी घ्या. जवळच्या ज्या ग्रामीण रुग्णालयात लस असते तिथला रस्ता पहिल्याच फेरीत पाहून ठेवा.

अनघा_क – ६ ऑक्टोबर

थोडं कडू लिहिते, राग मानू नका. माझं माहेर राजापूरजवळ. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या गावाच्या वरच्या अंगाची निम्मी जमीन पुण्या-मुंबईच्या लोकांकडे गेली. प्रत्येक जण म्हणतो, आम्हाला निसर्ग आवडतो. खरंच आवडत असेल. पण त्यांना निसर्ग हवा असतो तो माणसांशिवाय. माझी आजी त्याच डोंगरावरून जळण, करवंदं, शेवळं, कुड्याच्या शेंगा आणायची. ते रान होतं कारण त्याचा वापर होता आणि वापराला रीत होती. तुमचं मन चांगलं आहे हे लिहिण्यातून दिसतं. तरी विचारते, तिथल्या बायकांनी तुमच्या चार एकरांत जळणाला यायचं की नाही?

रानमोगरी – ७ ऑक्टोबर

अनघाताई, राग कसला. तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आमचा अंदाज होता की आमच्यामुळे रान वाचेल, आणि त्यात गाव कुठेच नव्हतं. याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही, ते शोधूनच पुढे जाऊ.

दस्तऐवजदादा, बेनामीचं वाचून आमच्यातले ते दोघं गप्प झाले. एजंटला "तसं करणार नाही" असं कळवून टाकलं. सातबारा आणि फेरफार काढतो आहोत.

दस्तऐवज – ८ ऑक्टोबर

बरं केलंत. संगमेश्वरींनी सुचवलेल्या वाटेने जाणार असाल तर एक इशारा. मालक लेखी द्यायला घाबरेल, आणि त्याची भीती पोकळ नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली ही आठवण कोकणात अजून ताजी आहे. "कागद केला की जमीन गेली" हे प्रत्येक घरात ऐकलेलं असतं. म्हणून भाडेपट्टा करू नका. ताबा मालकाचा, तुम्ही काही कसणार नाही, कुळाचा वा कुठलाही हक्क सांगणार नाही, हे पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. तुम्ही पैसे कशाचे देताय तर झाडं उभी ठेवण्याचे आणि ठरावीक दिवस येऊन राहण्याच्या मुभेचे. मालकाच्या मुलांच्याही सह्या घ्या, नाही तर उद्या वाटपात ज्याच्या हिश्शाला रान जाईल तो तोडेल. मराठीत लिहा, सोप्या मराठीत, आणि त्यांना घरी नेऊन चार दिवस वाचू द्या.

विकत घेतलंतच कधी, तर केंटवासींचं ऐका. सामाईक जमिनीत कोणताही सहहिस्सेदार वाटप मागू शकतो किंवा आपला अविभक्त हिस्सा तिसऱ्याला विकू शकतो. बाहेर पडणाऱ्याने आधी इतरांना विचारायचं, किंमत कशी ठरवायची, किती महिन्यांत द्यायची, हे लिहून ठेवलं तर निदान भांडण कशावरून चाललंय हे तरी कळतं.

रानमोगरी – ११ फेब्रुवारी

चार महिन्यांनी धागा वर काढते. ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारपूस केली त्या सर्वांचे आभार.

आधी वाईट बातमी. त्या पहिल्या तुकड्याच्या इतर हक्कात "खाजगी वन" नोंद निघाली. एजंटने दाखवलेल्या प्रतीत ती ओळ नव्हती, प्रत जुनी होती. तिथेच थांबलो. रान कापलं गेलं का ते मला माहीत नाही. तिकडे जायचं धाडस झालेलं नाही.

आमच्यातला एक मित्रही बाजूला झाला. त्याला स्वतःच्या नावाची जमीन हवी होती, मुलांसाठी. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. तो दुसरीकडे शेतजमीन बघतो आहे आणि नेहमीसारखा घरी येऊन गेला.

संगमेश्वरींनी त्यांच्या नात्यातल्या एका काकांशी गाठ घालून दिली. सव्वातीन एकर, वर्ग १, कागद स्वच्छ, बेहडा एकच पण मोठा. पहिल्या भेटीत काका म्हणाले, "जमीन नाय इकायची मला. झाडांचं काय ता बोला." नोव्हेंबरात ठेकेदार येऊन गेला होता आणि त्यांनी त्याला होळीपर्यंत थांबवलं होतं. घराच्या मागच्या भिंतीचं काम अडलं होतं. दोन फेऱ्या नुसत्या गप्पांत गेल्या, तिसऱ्या वेळी दस्तऐवजदादांचा मसुदा नेला. काकांच्या मुंबईतल्या मुलाने तो फोनवर ओळ-न-ओळ वाचायला लावला, "कुळाचा हक्क सांगणार नाही" ही ओळ तीनदा.

दहा वर्षांचा करार झाला. उभं झाड विकायचं नाही. घरच्या जळणाला, राबाला फांद्या काकांनी पूर्वीसारख्या घ्यायच्या, वाडीतल्या बायकांनी वाळकं जळण न्यायचं, वाट उघडी. अनघाताई, हे कलम काकूंनी सांगितलं तसं लिहिलं, आमच्या शब्दांत नाही. पैसे दर वर्षी दसऱ्याला, कारण ठेकेदार दिवाळीनंतर फिरतात. भिंतीसाठी पहिल्या तीन वर्षांचे एकदम दिले. माणग्याच्या काठ्यांचे नगावर वेगळे पैसे. आम्ही राहतो काकांच्या पडवीत, जेवण काकूंकडे, त्याचे वेगळे. रानात चूल नाही, विडी नाही, हे काकांनी घातलेलं, वणव्याच्या भीतीने. जमीन आमच्या नावावर नसल्यामुळे शेतकरी असण्या-नसण्याचा प्रश्नच उरला नाही, चौघंही बरोबरीचे.

जानेवारीच्या शेवटी पहिल्यांदा सगळे चार दिवस राहिलो. दोन दिवस वरच्या अंगाला जाळरेषा काढण्यातच गेले. डोंगरापलीकडून आग आली तर तिथे थांबावी म्हणून आठ-दहा फूट रुंद पट्ट्यातलं सगळं गवत कापून, पाला ओढून रेष स्वच्छ करायची. हाताला फोड आले. मुलांनी पाला ओढला, कुरकुर न करता म्हणणार नाही, पण ओढला. पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या गावात वणवा लागला होता, आमच्याकडे आला नाही, तरी काका रात्रभर जागे होते.

तिसऱ्या दिवशी बांबू. काकांनी बेट दाखवून एकेक काठी ठोकून सांगितलं, ही घे, ही राहू दे. मी बेतकाठी ताईंच्या खुणा पाठ करून गेले होते, तरी सातपैकी दोन चुकले. अठरा काठ्या काढल्या. पऱ्याला अजून डोहापुरतं पाणी आहे, त्यात आडव्या टाकून वर दगड ठेवले आहेत. वरून धार येते, पण बारीक. एवढ्यावर भागेल का, की आणखी आठवडा ठेवू? बेतकाठी ताई, हे सांगाल का? शनिवारी काढायला जाणार आहोत.

चमचेवाल्या मित्राला शिवणीची वाऱ्याने मोडलेली फांदी मिळाली. त्याने काकूंना आमटीचा डाव करून दिला. काकूंनी तो हातात फिरवून पाहिला आणि सांगितलं की दांडा आखूड झाला, टोपात हात भाजेल. दुसरा लांब दांड्याचा केला, तो आता त्यांच्या चुलीजवळ टांगलेला आहे. शेजारच्या वाडीतल्या एक आजी इरलं विणायच्या, पानांचं, पावसात लावणीला पाठीवर घ्यायचं ते. वीस वर्षांत कोणी मागितलं नाही म्हणून विणलं नाही, म्हणाल्या. मे महिन्यात शिकवायला तयार झाल्या आहेत. सांगाड्याला कोवळी काठी लागेल, तेवढ्या दोन त्यांच्यासाठी बेटातच राखल्या आहेत, सुतळी बांधून.

बेतकाठी – ११ फेब्रुवारी

पाणी बारीक असेल तर आठवडा वाढवा आणि मधे एकदा काठ्या उलट्या करा. काढल्यावर उन्हात टाकू नका, तडकतील. पडवीत उभ्या करून ठेवा, बुडाखाली दगड. आणि आजींकडे मे मध्ये मलाही यायचं आहे, जागा असेल तर कळवा.